56 जागा आणि आमदार 58? (अल्बर्टा, 1917)

पारिजातक

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, पण इथे कुणाला तरी माहीत असेल अशी आशा आहे.

आम्ही कॅनडात, अल्बर्टा प्रांताच्या राजधानीत एडमंटनला राहतो. लेक सहावीत आहे. या वर्षी त्यांना प्रांताचं सरकार कसं चालतं हा विषय आहे, त्यामुळे वर्गाची सहल विधानभवनात गेली होती. घरी आल्यावर काय पाहिलंस विचारलं तर एवढंच सांगत होती की पाचव्या मजल्यावर एका ठरावीक ठिकाणी उभं राहिलं की खालच्या कारंज्याचं पाणी डोक्यावर पडतंय असा आवाज येतो. बाकी शून्य.

मग प्रोजेक्ट आला. जुन्या काळातली एक विधानसभा निवडायची आणि तिच्या सदस्यांचा तक्ता करायचा. तिने 1917 साली निवडून आलेली चौथी विधानसभा निवडली, कारण पहिल्या बायका त्यात आहेत. मतदारसंघ, नाव, पक्ष, मतं असे चार रकाने आखले, सोबत प्रांताचा नकाशा रंगवायला घेतला. नकाशावर 56 मतदारसंघ. यादीत नावं 58.

तिने तीनदा मोजलं. मी पेन्सिलने टिकमार्क करत मोजलं. नवऱ्याने एक्सेलमध्ये घातलं. 58 च. पक्षवार बघितलं तर लिबरल 34, काँझर्व्हेटिव्ह 19, नॉन-पार्टिझन लीग 2 आणि कामगार पक्षाचा 1, म्हणजे बरोबर 56. उरलेल्या दोघांना पक्षही नाही आणि मतदारसंघही सापडत नाही. त्यातली एक बाई आहे, रॉबर्टा मॅकअ‍ॅडम्स.

दुसरं म्हणजे काही नावांपुढे मतांचा आकडाच नाही. ते कसे आले मग? मंगळवारी तक्ता द्यायचा आहे आणि नकाशाचा कार्डबोर्ड एकच उरलाय.


खवचट_बोका

सोपं आहे. नियुक्त असणार दोघं. आपल्याकडे 288 आमदार आणि वर एक अँग्लो-इंडियन सभासद राज्यपाल नेमायचे ना, 2020 पर्यंत? एकूण 289. तसंच काहीतरी. आणि मतांचा आकडा नाही ते बिनविरोध. लेकीला सांगा, आजोबांच्या वयाच्या प्रश्नांना काकांनी दोन मिनिटांत उत्तर दिलं. चहा पाजा.


निवृत्त_अव्वलकारकून

बोकेराव, चहा ठेवायची घाई करू नका. बिनविरोध म्हणालात ते निम्मं बरोबर आहे, त्याच्याकडे नंतर येतो. पण नियुक्त नाहीत. दोघंही रीतसर निवडून आलेले, मतं पडून, मतं मोजून. त्यांच्या मतदारसंघाला फक्त जमीन नव्हती.

आधी माझी ओळख, म्हणजे मी इतका लांबण का लावतो ते कळेल. सातारा जिल्ह्यात तहसील कचेरीत नोकरी झाली, शेवटी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. त्यातली बरीच वर्षं निवडणूक शाखेत. आता वर्षातले सहा महिने कॅलगरीला मुलाकडे असतो. सून म्हणते, बाबा, तुम्ही इथे येऊनही याद्याच तपासता. खरं आहे. यादी दिसली की बेरीज मारायची हा रोग काही जात नाही. पारिजातकताई, तुमच्या घरातल्या तिघांनी एकच यादी तीन पद्धतींनी मोजली हे वाचून गहिवरून आलं.

तर 1917. निवडणूक 7 जूनला झाली. युद्ध सुरू होऊन तिसरं वर्ष संपत आलेलं. त्याच एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये व्हीमीची लढाई झाली होती, तिच्यात कॅनडाची पोरं भरपूर पडली. अल्बर्टातले मतदार असे हजारोंनी समुद्रापलीकडे, कुणी खंदकात, कुणी इंग्लंडच्या इस्पितळात. आता त्यांचं मत घ्यायचं कसं?

हा प्रश्न मी हाताने हाताळलेला आहे. आमच्या जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत अशी गावं आहेत. मतदार यादीच्या शेवटी सैनिक मतदारांचा वेगळा भाग असतो आणि आमच्याकडे तो भाग चांगला जाड. मतपत्रिका आतल्या लखोट्यात, तो लखोटा आणि सहीचं घोषणापत्र बाहेरच्या लखोट्यात, वर पत्ता, आणि मग फील्ड पोस्ट ऑफिसच्या भरवशावर सोडून द्यायचं. संगणकावरून मतपत्रिका पाठवायची सोय यायच्या आधीची गोष्ट सांगतोय. एका निवडणुकीत मोजणी झाली, गुलाल उधळून झाला, मांडववाला खांब उपटून घेऊन गेला, आणि तिसऱ्या दिवशी टपालात सुतळीने बांधलेला एक गठ्ठा आला. सगळे सैनिक मतदारांचे. मोजणी सुरू व्हायच्या आत आले नाहीत तर उघडायचे नाहीत असा नियम. प्रत्येकावर पोचल्याची तारीख आणि वेळ लिहिली, पुडकं बांधलं, लाख लावली. त्याच आठवड्यात एक म्हातारबा कचेरीत आले. धोतर, पटका, हातात पिशवी. मुलगा लडाखकडे होता. म्हणाले, "रावसाहेब, पोराचं मत पोचलं का?" मी म्हटलं, पोचलं. ते "बरं झालं" म्हणाले आणि गेले. खोटं बोललो नाही. पुरतं खरंही बोललो नाही.

अल्बर्टावाल्यांनी ही भानगडच मुळातून काढून टाकली, म्हणून मला त्यांचं कौतुक वाटतं. 56 जागांच्या 56 मतपत्रिका छापून प्रत्येक शिपायाच्या हातात नेमकी त्याच्या गावची देणं युद्धात कुठल्या कारकुनाला जमणार होतं? त्यांनी वेगळा कायदा केला. परदेशात असलेले प्रांताचे सैनिक आणि परिचारिका मिळून एकच मतदारसंघ, त्याच्या दोन जागा. चतुःसीमा नाही, तालुका नाही, गाव नाही. अमुक प्रांताचा रहिवासी आणि सध्या फौजेत परदेशी, बस्स. वेळापत्रकही वेगळं. घरची निवडणूक जूनमध्ये उरकली, फौजेतलं मतदान नंतर उन्हाळ्यात घेतलं, निकाल सप्टेंबरमध्ये लागला. म्हणजे लखोटे उशिरा आले म्हणून बाद, हा प्रकारच नाही. 56 अधिक 2, तुमचे 58.

आता त्या दोन जागा. उमेदवार 21. त्यात 20 पुरुष, जवळपास सगळे वर्दीतले, आणि एक बाई. प्रत्येक मतदाराला दोन मतं.

ही रॉबर्टा मॅकअ‍ॅडम्स मूळची ऑन्टॅरिओतल्या सार्नियाची. वडील तिथे वर्तमानपत्र चालवायचे. ती शिकली गृहशास्त्र. अल्बर्टात आल्यावर सरकारच्या शेतकी खात्यासाठी खेडोपाडी हिंडून बायकांचे वर्ग घेतले, पुढे एडमंटनच्या शाळांमध्ये गृहशास्त्राचं काम पाहिलं. 1916 साली फौजेच्या वैद्यकीय दलात गेली, हुद्दा लेफ्टनंट. नेमणूक इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या ऑर्पिंग्टनला. ऑन्टॅरिओ सरकारने तिथे हजारावर खाटांचं सैनिकी इस्पितळ बांधलं होतं, त्याचा आहार विभाग हिच्याकडे. लोक तिला नर्स म्हणतात, ती नर्स नव्हती. आपल्या भाषेत मुदपाकखान्याची कारभारीण. हजार जखमींचं रोजचं खाणं, त्यात कुणाला पातळ, कुणाला मऊ, कुणाला काहीच चालत नाही. ज्याने लग्नाची पंगत सांभाळली आहे त्याला यातली मेख कळेल.

तिला उभं राहायची गळ घातली बिॲट्रिस नॅस्मिथ या बाईने. ही कॅनडाच्या एका वर्तमानपत्राची लंडनमधली बातमीदार, प्रचाराची सूत्रंही तिनेच हलवली. पत्रकं काढली, वर रॉबर्टाचा वर्दीतला फोटो. आणि घोषणा बघा कशी बेतली: एक मत तुमच्या पसंतीच्या माणसाला द्या आणि दुसरं सिस्टरला. बाकी विसाजणांपैकी कुणाचंही वाईट बोलायचं नाही, भांडण काढायचं नाही, फक्त प्रत्येकाच्या हातातलं दुसरं मत मागायचं. एवढी वर्षं निवडणुका बघितल्या, याहून हुशार मागणी बघितली नाही. त्यात "सिस्टर" हा शब्द. आपल्याकडेही वॉर्डात "ओ सिस्टर" अशीच हाक मारतात ना. फौजेत परिचारिकेला तेच म्हणायचे. जखमी पोरगा ते पत्रक वाचतो तेव्हा त्याला कोण आठवणार?

ती दुसरी आली, चार हजारांवर मतं घेऊन. पहिला आला कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन. जागा दोन, म्हणून दोघंही आमदार.

मतांच्या कोऱ्या रकान्याचं उद्या लिहितो. नातवाला पोहायला न्यायची वेळ झाली.


पारिजातक

काका, किती छान! लेकीला वाचून दाखवलं (तिला मराठी वाचायला वेळ लागतो, ऐकायला आवडतं). तिचा पहिला प्रश्न, "मग त्यांना कुठला रंग द्यायचा?" नकाशावर जागाच नाही.

दुसरा प्रश्न माझा. शाळेच्या पुस्तकात पहिली महिला आमदार म्हणून लुईस मॅककिनीचं नाव आहे. मग रॉबर्टा दुसरी का? दोघी एकाच विधानसभेत आहेत.


खवचट_बोका

माघार घेतो. चहाही माघारी.


सरेकर

कारकूनकाका, लेख मस्त. पण ब्रिटिश कोलंबियात राहणाऱ्या माणसाने इथे काही न बोलता पुढे जाणं बरं नाही. तुम्ही सांगताय ती मतदार कुठे कुठे होते याची गोष्ट. आमच्या प्रांतात त्याच काळात कोण मतदार नाही याचीच यादी लांब होती.

चिनी, जपानी आणि मूळ निवासी आधीपासूनच बाहेर. 1907 साली विधानसभेने निवडणूक कायद्यात दुरुस्ती करून "हिंदू" हा शब्द त्या यादीत घातला. हिंदू म्हणजे धर्माने हिंदू नव्हे. हिंदुस्थानात जन्मलेला आणि आईबाप गोरे नसलेला तो हिंदू. इथे आलेले बहुतेक शीख होते, लाकूड गिरण्यांमध्ये काम करायचे, ते सगळे कायद्याने हिंदू झाले. बरं, ब्रिटिश प्रजाजन म्हणून यातल्या पुष्कळांना हक्क होता, काहीजण तर साम्राज्याच्या फौजेतून निवृत्त झालेले. आणि नुसतं मत गेलं असं नाही. प्रांताच्या यादीत नाव नाही म्हणून देशाच्या निवडणुकीतही मत नाही. वकिली करायची, औषधविक्रेता व्हायचं, त्यालाही मतदार यादीत नाव लागायचं. एक नाव गाळलं की पाच दारं बंद.

हा हक्क परत मिळाला 1947 साली. आणि आमच्यातला पहिला माणूस त्या सभागृहात बसला 1986 मध्ये, मो सिहोता. पूर्ण नाव मनमोहन सिंग सिहोता. त्यामुळे 1900 च्या सुमारास कुठल्याही कॅनडियन विधानसभेची सदस्ययादी वाचताना मी आधी हे बघतो की मत द्यायला कोण होतं. तुमच्या अल्बर्टात सरकारदरबारी नोंद असलेल्या मूळ निवासींना प्रांताच्या निवडणुकीत मत मिळालं 1965 साली. ते विधानभवन उभं आहे त्या जागी आधी फरच्या व्यापाराचा किल्ला होता, तिथे व्यापाराला यायचे ते हेच लोक.

लेकीच्या तक्त्यात हे घालायला जागा नसेल, पण तिला तोंडी सांगा.

जाता जाता, सैनिकांच्या मतांचं सगळीकडे अल्बर्टासारखं सुरळीत झालं नाही. आमच्याकडे 1916 साली दारूबंदीवर सार्वमत झालं. घरच्या लोकांनी बंदीच्या बाजूने कौल दिला, मग परदेशातल्या सैनिकांची मतं आली आणि निकाल उलटा. चौकशी बसली, त्या मतांत गडबड निघाली, आणि ऑक्टोबर 1917 मध्ये बंदी लागू झाली. गठ्ठे तिकडूनही आले होते, काका.


निवृत्त_अव्वलकारकून

सरेकर, बरं केलंत लिहिलंत. मी कारकून माणूस, यादीत जे आहे ते तपासतो. गाळलेलं नाव यादीत दिसत नाही, त्यामुळे बेरजेतही सापडत नाही. त्याच साली आमच्या साताऱ्याकडचे मराठा पलटणींतले लोक मेसोपोटेमियात होते, आदल्या वर्षी कूतला वेढ्यात सापडून कैद झालेलेही त्यांच्यातच. युद्ध तेच, राजा तोच. त्यांना ना तिकडे मत, ना गावी. आमच्या गावाकडच्या देवळात दगडावर कोरलेली नावं आहेत त्या युद्धात गेलेल्यांची. मतदार यादी म्हणून कुणी लिहिली असती तर तशीच दिसली असती, नुसती नावं, खाली एक.

दारूबंदीचे गठ्ठे मात्र आवडले. आमच्याकडे दारू मोजणीच्या आधी यायची.

आता ताई, तुमचे कोरे रकाने.

निवडणूक कायद्यात तेव्हा एक कलम होतं, 38 वं. मावळत्या सभागृहातला जो आमदार फौजेत दाखल झालेला आहे त्याच्या जागी निवडणूकच घ्यायची नाही, तो आपोआप पुन्हा आमदार. असे दहाहून अधिक जण निघाले. बोकेराव, म्हणून म्हटलं तुमचं निम्मं बरोबर. आपल्याकडे बिनविरोध म्हणजे समोरच्यांनी अर्ज मागे घेतले, घ्यायला लावले, काय ते. इथे अर्ज भरायची सोयच नव्हती. लाभ दोन्ही पक्षांना झाला. मेडिसिन हॅटचा नेल्सन स्पेन्सर घ्या, विरोधी काँझर्व्हेटिव्ह पक्षाचा. स्वतः एक पलटण घेऊन गेलेला. अलेक्झांड्राचा जेम्स लाउरी तोही काँझर्व्हेटिव्ह. लेकीने मतांच्या रकान्यात शून्य लिहिलं असेल तर खोडा. शून्य मतं पडणं वेगळं आणि मतदानच न होणं वेगळं. आडवी रेघ मारा.

हे कलम मला स्वतःला फारसं पटत नाही. लढायला गेलेल्या माणसाची जागा राखून ठेवावी हे ठीक. पण मेडिसिन हॅटच्या बायकांना पहिल्यांदाच विधानसभेसाठी मत मिळालं होतं. एप्रिल 1916 मध्ये कायदा झाला, वर्षभराने निवडणूक आली, आणि त्यांना सांगितलं, तुमच्याकडे मतदान नाही, तुमचा आमदार ठरलेला आहे. पुढच्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे 1921 पर्यंत थांबा.

त्या कलमाचा फायदा ज्याला घेता आला नाही तो जोसेफ स्टॉफर. डिड्सबरीचा आमदार, मागच्या सभागृहाचा उपाध्यक्ष. फौजेत गेला आणि एप्रिल 1917 मध्ये फ्रान्समध्ये मारला गेला. निवडणूक जूनमध्ये. तुमच्या लेकीच्या यादीत तो नाही, तिसऱ्या विधानसभेच्या यादीत आहे.

पहिली कोण? याचं उत्तर तारखांत आहे. लुईस मॅककिनी क्लेअर्सहोममधून 7 जूनला निवडून आली. रॉबर्टाचा निकाल सप्टेंबरमधला. अधिवेशन भरलं फेब्रुवारी 1918 मध्ये, शपथही मॅककिनीने आधी घेतली. पुस्तकात लिहिलंय ते बरोबरच आहे. फक्त "जगातली पहिली" असं कुठे असेल तर दुरुस्त करा. ब्रिटिश साम्राज्यातल्या कुठल्याही विधिमंडळातली पहिली. फिनलंडमध्ये त्याआधी दहा वर्षं, 1907 साली, 19 बायका निवडून आल्या होत्या.

मॅककिनी ही वेगळीच चीज. दारूबंदी चळवळीतली खंदी कार्यकर्ती. अल्बर्टात येण्याआधी ती नॉर्थ डकोटात राहिलेली होती, आणि ज्या नॉन-पार्टिझन लीगकडून ती उभी राहिली ती शेतकऱ्यांची संघटना नॉर्थ डकोटातच जन्मली. पुढे 1929 मध्ये "व्यक्ती" या शब्दात बायका येतात की नाही हा खटला लंडनपर्यंत नेऊन जिंकणाऱ्या पाचजणींतली ती एक. त्यामुळे पुस्तकांनी तिला उचललं आणि रॉबर्टा मागे राहिली. पण सभागृहात कायद्याचं विधेयक मांडणारी साम्राज्यातली पहिली बाई ही रॉबर्टा. युद्धात गेलेल्यांच्या घरच्यांची एक संघटना होती, तिला कायदेशीर रूप देणारं विधेयक. ज्यांनी निवडून दिलं ते दूर, म्हणून त्यांच्या घरच्यांचं काम हाती घेतलं. पत्रकात तसा शब्द दिलाच होता तिने, तुमच्या आया, बायका, बहिणी, पोरं यांचंही मी बघेन म्हणून.

1920 मध्ये तिचं लग्न झालं, 1921 ला उभी राहिली नाही. राहायची म्हटलं तरी कुठून? युद्ध संपलं, मतदार घरी आले, मतदारसंघ विरून गेला. पिअर्सन मात्र 1921 ला कॅलगरीतून अपक्ष म्हणून निवडून आला.

आणखी एक, पुढे लेकीने दुसरी विधानसभा घेतली तर उपयोगी पडेल. जुन्या याद्यांत एखादं नाव दोनदा येतं, मध्ये पोटनिवडणूक. तो मेला नव्हता की फुटला नव्हता. मंत्री झाला होता! त्या काळी आमदार मंत्री झाला की जागा सोडून पुन्हा लोकांसमोर जायचं अशी पद्धत. पगाराचं सरकारी पद घेतलं, आता मतदारांना विचार, चालेल का. पुढे ती बंद झाली. आपल्याकडे असती तर निवडणूक शाखेला बारा महिने दिवाळी.

कार्डबोर्ड एकच उरलाय म्हणता तर सगळं लिहू नका. पण कधी एडमंटनमध्येच मॅके अव्हेन्यूच्या जुन्या शाळेत तिला न्या. आता तिथे संग्रहालय आहे. मी नातवाला घेऊन गेलो होतो. 1906 मध्ये पहिल्या विधानसभेचं उद्घाटन स्केटिंगच्या रिंकमध्ये झालं आणि कामकाज या शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर. राजधानी एडमंटन की कॅलगरी याचं मतदान तिथेच झालं. 16 विरुद्ध 8. जिना चढताना मी नातवाला विचारलं, सभासद 25, मतं 24, एक कुठे गेलं? त्याने "टॉयलेटला" असं सांगितलं. अध्यक्ष, बाळा, अध्यक्ष मत देत नाही. चार्ल्स फिशर नावाचे होते, बॅन्फचे. 1919 पर्यंत तेच अध्यक्ष, म्हणजे रॉबर्टाने विधेयक मांडलं ते यांच्याच समोर.


पारिजातक

काका, शून्यच लिहिलं होतं तिने! व्हाइटनर लावून रेघा मारल्या.

तक्ता आज दिला. सैनिकांच्या दोन जागांपुढे मतदारसंघाच्या रकान्यात तिने "परदेशातले सैनिक आणि नर्सेस" लिहिलं. नकाशाचं मात्र घोळत होतं. शेवटी तिने चौकटीच्या बाहेर, कार्डबोर्डच्या अगदी उजव्या कडेला दोन छोटी बोटींची चित्रं काढली आणि पिवळ्या रंगाने रंगवली. प्रांताच्या यादीत पिवळा रंग कुणालाच नव्हता. बाई म्हणाल्या, नकाशात समुद्र नसताना बोटी का? तर तिने तुमचं दुसऱ्या मताचं सगळं सांगितलं. "सिस्टर"सकट.

सरेकर, तुमचं तिला तोंडी सांगितलं. तिने विचारलं, मग पप्पा तेव्हा इथे असते तर? नवरा म्हणाला, लाकूड कापलं असतं. नंतर बराच वेळ गप्प होता.

तिच्या मैत्रिणीने शेजारचं सस्कॅचेवान घेतलंय. तिचंही जमत नाहीये. तिच्याकडे तीन जास्त येतायत.


निवृत्त_अव्वलकारकून

येणारच. सस्कॅचेवानने 1917 मध्ये सैनिकांना तीन जागा दिल्या होत्या आणि त्यांनी तर भाग पाडले होते, इंग्लंडमधले वेगळे, फ्रान्स-बेल्जियममधले वेगळे. फ्रान्सवाल्यांतून आलेला हॅरिस टर्नर युद्धात दोन्ही डोळे गमावलेला पत्रकार होता, पुढे सास्काटूनमधून निवडून येऊन विरोधी पक्षनेता झाला.

मैत्रिणीला सांगा, बोटी तीन. पण एक इंग्लंडच्या किनाऱ्याला थांबवायची.